घागरे शिलाई मशीन, पुलापलीकडे

"आज पण मीच एक नंबर," कवडू घागरे म्हणाले आणि त्यांनी आपला फोन काउंटरवरून वीरेंद्रकडे सरकवला.

वीरेंद्रने पाहिलं. वर 'शिलाई मशीन दुरुस्ती पांढुर्णा' असं लिहिलेलं होतं आणि खाली पहिलंच नाव घागरेंच्या दुकानाचं होतं.

"मंग," तो म्हणाला, "म्या सांगितलं होतं ना काकाजी. गारंटी."

वीरेंद्र सौंसरचा. 'पत्ताराजा' नावाच्या ऑनलाइन डिरेक्टरीत पैसे घेऊन दुकानांची नावं टाकायची, हा त्याचा धंदा. वर्ष संपत आलं की मोटारसायकलवर यायचा आणि पुढच्या वर्षाचं पॅकेज गळ्यात घालून जायचा. गारंटी तो कशाचीही द्यायचा. एकदा त्यानं चहा गार झाल्याची गारंटी दिली होती आणि मग आठवडाभर त्याची जीभ सोललेली होती.

कवडूंचं दुकान जाम नदीच्या सावरगावकडच्या काठाला, पूल ओलांडला की डाव्या हाताला. सकाळी शटर वर करायचं, उदबत्ती लावायची, आणि मग फोनवर स्वतःला शोधायचं. सापडले की कामाला लागायचे. रोज सापडायचे.

पत्ताराजामुळे फोन येत नव्हते असं नाही. एक फोन दुसऱ्या डिरेक्टरीचा आला, आमच्याकडेही नाव टाका म्हणून. एक बैतूलचा माणूस लग्नासाठी बँड विचारत होता. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीत दोन्ही काठांची माणसं एकमेकांवर दगड भिरकावत असताना, एकानं घाईघाईत विचारलं होतं, "टाके घालता का?" कवडूंनी विचारलं, "कापड कोणतं?" पलीकडून फोन ठेवला गेला.

या वर्षीच्या पॅकेजचं बोलणं सुरू होणार, तेवढ्यात डिंपल आली. डिंपल पुलापलीकडे, पांढुर्ण्यात ब्लाउज शिवते. ऑटोवाल्यानं तिची मशीन उचलून काउंटरवर ठेवली.

"काकाजी, धागा तुटून राहिला सारखा," ती म्हणाली. "आणि तुमचा नंबर माह्या फोनमधून उडाला होता. सर्च केलं तं तुमी दिसलेच नाई."

"कसं नाई दिसलो? मी एक नंबर आहो."

"कुठं?"

"इथं." कवडूंनी आपला फोन दाखवला.

डिंपलनं आपला फोन त्याच्या शेजारी ठेवला. तिच्या फोनवर सगळ्यांत वर पत्ताराजाचंच एक पान होतं : 'पांढुर्ण्यातील टॉप दहा शिलाई मशीन दुरुस्ती'. ते उघडलं. पहिले दोघे नागपूरचे होते. नंतर एक अमरावतीचा. मग एक ट्रॅक्टरचं शोरूम. घागरे नवव्या जागी होते. दहाव्या जागी कोणी नव्हतंच.

वीरेंद्रनं नाइलाजानं स्वतःचा फोनही काढला. त्यातही तेच. काउंटरवर तीन फोन ओळीनं पडले होते आणि कवडू एकाच फोनात पहिले होते, स्वतःच्या.

"फोन ओळखते ना काकाजी आपल्या माणसाले," वीरेंद्र म्हणाला. "तुमी रोज सोताले शोधता, सोतालेच दाबता. त्याले वाटते, या बुवाले हेच पाह्यजे."

"मतलब मी माह्या घरातच एक नंबर."

"घरात तं काकू असतीन," डिंपल म्हणाली.

कवडू हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. "एक सांग वीरेंद्र. इतके वर्स पैसे भरले. मी जरा तरी वर गेलो का?"

वीरेंद्रनं तिन्ही फोनांकडे पाहिलं. "पत्ताराजा गेला," तो म्हणाला.

हे बोलल्यावर त्याला वाईट वाटलं असावं, कारण तो लगेच स्टूल ओढून बसला. "पण तुमचा प्रॉब्लेम लिस्टिंग नाईच होय. तुमचा प्रॉब्लेम हे दगड होय." त्यानं फोनच्या नकाशावरचं घागरेंचं जुनं पान उघडलं, जे फुकट असतं आणि ज्यात कोणीही येऊन तारे देऊ शकतं. "पाच पैकी दीड तारा. कोण येईन?"

दगड खरेच होते. दोन वर्षांमागच्या गोटमारीत सावरगावचं पारडं जड झालं होतं. पांढुर्ण्याच्या पोरांनी संध्याकाळी घरी जाऊन, डोक्याला पट्ट्या बांधून, पडल्या पडल्या सावरगावच्या प्रत्येक दुकानाला एक एक तारा दिला होता. सावरगावच्या पोरांनी पलीकडच्या मिठाईवाल्याला आणि एका दाताच्या डॉक्टरला दिला. ज्याच्यासाठी ही दगडफेक चालते तो नदीत रोवलेला झेंडा दरवर्षी कोणीतरी नेतं आणि मग दोन्ही काठ पुन्हा सोयरे होतात. पण तारे कोणी परत नेले नव्हते.

वीरेंद्र एक एक वाचू लागला. "'कधी आलो नाही, येणार पण नाही.' एक तारा. 'झेंडा आमचाच.' एक तारा. 'दगड.' एक तारा. यानं तं नुसतं दगड लिवलं."

"तो मंग्याचा पोरगा होय," कवडू म्हणाले. "त्याच्या मायची मशीन आपल्याकडंच येते."

"आणि पत्त्यात अजून जिल्हा छिंदवाडा. पांढुर्णा जिल्हा होऊन किती दिवस झाले. एक पत्ता असा, एक तसा, कोणावर भरोसा ठेवाव?" वीरेंद्र पुढे वाचत होता. "आणि हा पाहा, सगळ्यात खाली. पाच तारे. 'मशीन एक नंबर दुरुस्त होते. मालक रागीट आहे पण चहा पाजते.' अक्षय घागरे. हा तं घरचाच दिसते."

"माहा पोरगा होय."

"घरच्याचा रिव्ह्यू तसा बी कामाचा नाई. माहं ऐका काकाजी. हे पान पुरं काढून टाकू. दगड गेले, छिंदवाडा गेला. नवं कोरं पान बनवू, नवा पत्ता, जिल्हा पांढुर्णा. वरून पत्ताराजाचं गोल्ड पॅकेज. सहा महिन्यात पैला नंबर, सगळ्यायच्या फोनात."

"आणि हा?" कवडूंनी त्या पाच ताऱ्यांवर बोट ठेवलं.

"हाही जाईन ना. पान गेलं की सगळं गेलं. पण त्याचं काय एवढं? त्याले सांगा, नव्या पानावर परत लिहून टाकन. दोन मिनटाचं काम."

डिंपल मशीनच्या चाकाकडे पाहू लागली. चाकात पाहण्यासारखं काही नव्हतं.

"सांगतो," कवडू म्हणाले.

अक्षय नागपूरला मोबाइलच्या दुकानात होता. रविवारी यायचा. एका रविवारी त्यानं बापाच्या फोनवर हे पान तयार केलं, दुकानाबाहेर उभं करून बापाचा फोटो काढला, बाप उन्हानं डोळे बारीक करून उभा होता तो तसाच चढवला, आणि मग आपल्या फोनवरून ते पाच तारे दिले. "मालक रागीट आहे" वाचून कवडू खरोखरच रागावले होते. "गिऱ्हाइकाले असं सांगतेत का लेका?" अक्षय म्हणाला होता, "खरं लिवलं की लोक भरोसा ठेवतेत बाबा. पाहा तुमी, वर्षभरात तुमाले पैला नंबर आणून देतो." त्याच उन्हाळ्यात, घरी येताना, सौंसरच्या अलीकडे एका ट्रकनं त्याच्या गाडीला धडक दिली. त्यानंतर काही महिन्यांनी पांढुर्णा जिल्हा झाला. फटाके वाजले, पेढे वाटले. आपण जिल्ह्याच्या ठिकाणचे आहोत, हे अक्षयला माहीतच नाही.

आणि त्याच वर्षी वीरेंद्र पहिल्यांदा दुकानात येऊन म्हणाला होता, "काकाजी, पैला नंबर आणून देतो." कवडूंनी पॅकेज कोणतं ते विचारलंच नव्हतं.

दुपारी ते जेवायला मागच्या घरात गेले. सुशीलाबाईंनी ताट वाढलं.

"तो गारंटीवाला आला होता ना? काय म्हणे?"

कवडूंनी सांगितलं. दगड, छिंदवाडा, नवं पान, पहिला नंबर. अक्षयचं सर्वांत शेवटी सांगितलं.

सुशीलाबाई भाकरी हातात घेऊन तशाच बसल्या. "दगड काढा आणि त्याचं राहू द्या."

"तसं होत नाई. सगळं जाते नाईतं सगळं राहते."

"मंग राहू द्या दगड."

"पैला नंबर त्यालेच पाह्यजे होता."

सुशीलाबाईंनी हातातली भाकरी त्यांच्या ताटात ठेवली. मग म्हणाल्या, "वाचा बरं एकदा."

कवडूंनी वाचलं.

"चहा तं मी करतो," सुशीलाबाई म्हणाल्या. "नाव यांचं." मग म्हणाल्या, "आणि तुमी रागावता कुठं आता? किती दिवस झाले, कोणावर ओरडले नाई."

हे खरं होतं. पूर्वी मशीनला खोबरेल तेल घालणाऱ्या बायांना कवडू अशी बोलणी ऐकवत की त्या पुलावरून रडत जात आणि पुढच्या वेळी मशीनचं तेल घेऊनच येत. आता ते खोबरेल मुकाट्यानं पुसून काढायचे. गिऱ्हाइकांना चुकल्याचुकल्यासारखं होई. एका बाईनं तर डॉक्टरला दाखवा म्हणून सुचवलं होतं.

वीरेंद्र पांढुर्ण्यातली चार दुकानं करून संध्याकाळी परत आला तेव्हा कवडू डिंपलच्या मशीनचं शटल उघडून बसले होते. डिंपल बाजूला बसून होती.

"मंग काकाजी, करायचं ना? आजच्याच दिवस ऑफर आहे."

"थांब जरा. एवढं होऊ दे."

शटल परत बसवून, सुईत धागा ओवायला कवडू उजेडाकडे वळले. वीरेंद्रला थांबणं जमत नसे. कवडूंचा फोन काउंटरवर उघडाच होता. त्यानं तो उचलला, इथं दाबलं, तिथं दाबलं. "तुमी काम करा, मीच करून देतो. दोन बटनायचा खेळ आहे. हे पाहा, आता विचारून राहिला, कायमचं काढून टाकू का. हो म्हणतो..."

"ठेव तो फोन!"

पुलावरून जाणारा एक सायकलवाला थांबला. मागच्या घरातून भांडं पडल्याचा आवाज आला.

"ठेव म्हणतो ना! कोणाले इचारून हात लावला? तुह्या बापाचं दुकान आहे का हे? गारंटी देते म्हणे! कायची गारंटी देते रे तू? ट्रॅक्टर शिलाई मशीन दुरुस्त करते, अशी गारंटी देते? दुसऱ्याच्या घरात घुसून भिताडं पाडाले निंगाला, ना विचारणं ना पुसणं!"

कवडू खूप वेळ बोलले. बऱ्याच दिवसांचं साठलेलं होतं, त्यात खोबरेल तेलाचाही विषय येऊन गेला. वीरेंद्रनं फोन दोन्ही हातांनी, गरम पातेलं ठेवावं तसा, काउंटरवर ठेवला. पान जागच्या जागी होतं. दीड तारा, जिल्हा छिंदवाडा.

डिंपल हळूच म्हणाली, "भाऊ, अक्षय नाई आता. तीन वर्स होतीन."

वीरेंद्रनं काउंटरवरचा फोन बोटानं कवडूंच्या बाजूला सरकवला.

मागच्या दारातून सुशीलाबाई चहा घेऊन आल्या. कोणी मागवला नव्हता. त्यांनी एक कप वीरेंद्रसमोर ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. कवडूंचा श्वास अजून वर-खाली होत होता.

"पी," कवडू वीरेंद्रला म्हणाले. "गार होईन."

वीरेंद्रनं कप उचलला, ठेवला. पॅकेजचे कागद पिशवीत घातले. मग त्यानं विचारून, खरोखर विचारून, कवडूंचा फोन हातात घेतला.

"काकाजी, नंबराचं जाऊ द्या. पैसे भरून नाईच येत तो. पण हे पाहा. खाली इथं मालकाले उत्तर देता येते. तुमी कोणालेच दिलं नाई आजपर्यंत."

त्यानं अक्षयच्या पाच ताऱ्यांखाली बोट लावलं. एक रिकामी चौकट उघडली.

कवडूंनी चौकटीकडे पाहिलं. "इथं लिवलं तं ज्यानं लिवलं त्याले दिसते?"

"त्याच्या फोनवर जाते काकाजी."

"गारंटी?"

वीरेंद्रनं मान खाली घातली.

अक्षयचा फोन आत कपाटात होता, काच फुटलेला. सुशीलाबाई पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. डिंपलनं आपल्या मशीनमध्ये धागा ओवला आणि चाक उगाच थोडं फिरवून पाहिलं. धागा तुटला नाही.

कवडूंना काय लिहावं ते सुचेना. त्यांनी एक अक्षर लिहिलं, पुसलं. दुसरं लिहिलं, पुसलं. मग चष्मा वर सरकवून दाराकडे पाहिलं. दाराच्या वर आतल्या बाजूनं, निघणाऱ्या गिऱ्हाइकाला दिसावी म्हणून कधीतरी एक पाटी रंगवून घेतली होती. रंग उडाला होता, पण वाचता येत होती. ते एकदा पाटीकडे पाहत, एकदा फोनकडे, आणि एका बोटानं एक एक अक्षर उतरवून घेत राहिले.

धन्यवाद. पुन्हा या.