दाता क्रमांक चाळीस

आमच्या नणंदबाई पत्त्यांत हटकून जिंकतात, आणि पानं कुठे लपवतात ते आजवर कुणाला कळलेलं नाही. मी काम करते त्या प्रयोगशाळेत ती लागली तीही माझ्याच शब्दावर. कानामागून आली आणि तिखट झाली. सर ऊठसूट तिचं कौतुक करतात. मी मात्र तिच्या प्रत्येक बाटलीवर डोळा ठेवून असते.

आम्ही निरोगी दात्यांच्या रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी पोषक द्रवात वाढवतो. वाढवते ती, पेशींच्या अंगावरच्या खुणा मशीनवर तपासते मी. टी पेशींच्या खुणा वेगळ्या, बी पेशींच्या वेगळ्या. त्यावरून जात कळते.

सोमवारी दाता क्रमांक चाळीसच्या रक्तातून तिने नेहमीच्या पाचपट पेशी काढल्या. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. चार दिवस झाले तरी वाढीचं नाव नाही. शुक्रवारी मशीनला लावल्या, तर बहुतेक सगळ्या बी पेशी, आणि त्यांच्या अंगावर टी पेशींचीही एक खूण! निरोगी रक्तात एवढ्या असल्या पेशी सापडत नाहीत. आमच्या फ्रीजरमध्ये रुग्णांच्या पेशींच्या कुप्या असतात. त्यातलीच एक हिने ओतली असणार. दात्यांची वही काढली. चाळीससमोर सहीच नव्हती. मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला.

तिला बोलावून मी दार लावून घेतलं.

"चाळीस नंबर आलाच नव्हता. काय ओतलंस त्यात?"

तिने जीभ चावली आणि कान पकडले. "ओतलं काही नाही, वहिनी. तो आला नाही, आणि सरांना सोमवारीच पेशी हव्या होत्या. मग खालच्या नर्सकडून माझंच रक्त काढून घेतलं. स्वतःचं वापरायचं नाही, माहितीये मला. पण सरांना सांगू नकोस ना!"

मी स्क्रीनकडे पाहिलं. रक्तात अशा पेशींची गर्दी झाली की कसला आजार समजायचा, हे नव्या मुलींना मीच शिकवते. कर्करोग हा शब्द तेव्हा किती सहज तोंडातून निघतो. आता मी स्क्रीन तिला दिसू नये म्हणून भिंतीकडे वळवली.

"एवढी काय रागावतेस? नीट वाढल्या नाहीत का?"

"खोटं बोलतेयस तू." मी तिचा हात धरला. "फ्रीजरमधली कुपी ओतलीस. ओतलीस ना? हो म्हण. कुणाला सांगणार नाही मी."

"नाही गं वहिनी. आईशप्पथ."

इतक्या वर्षांत तिचा एकही शब्द मी खरा धरला नव्हता. हा धरावा लागला.