राघोची शीव

माझ्या आजोबांना मी पाहिले नाही. मला ते फक्त ऐकू आले. कार्तिकात ज्वारी वाळू लागली, की वाऱ्याने तिची पाने एकमेकांवर घासतात आणि लांबून कुणी घुंगरांची काठी टेकत येत असल्याचा भास होतो. कणसे खुडताना आजी मध्येच थांबायची. "तुहा बुढा असाच ये," एवढेच म्हणायची, आणि पुन्हा विळा चालू.

राघो त्यांचे नाव. गावची शीव त्यांच्या पायांत होती. बांधावरून तंटा झाला, की खांद्यावर घोंगडी टाकून त्यांनी चालायचे आणि ते चालतील ती शीव मानायची, अशी रीत होती. उंच, किंचित वाकलेले, एक हात पाठीवर, पायांखालच्या मातीला काही विचारत असल्यासारखी सावकाश चाल. आजीच्या चार-दोन वाक्यांतून मी त्यांना एवढेच जमवले होते.

यंदा भाची प्रज्ञाने जात पडताळणीसाठी वंशावळ करायला घेतली आणि जुन्या कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल आणली. राघोच्या नावापुढे लिहिले होते : देऊळघाट वाटेवरील विहिरीत पडून मयत. मी अक्षर लावत लावत ते पुन्हा पुन्हा वाचले. गावचा एकेक दगड ज्याच्या ओळखीचा, तो विहिरीत कसा पडेल? चारचौघांत माझा आवाज निघत नाही. पण त्या दिवशी प्रज्ञाला म्हटले, "मले त्या विहिरीवर घेऊन चाल."

देऊळघाटाच्या पुढे एसटीतून उतरून आम्ही चालत गेलो. विहिरीचा जुना दगडी कठडा माझ्या छातीपर्यंत आला. तिथून पडायचे, तर आधी चढावे लागते. शेजारच्या मळ्यात वांगी तोडणाऱ्या म्हाताऱ्या सीताबाईंनी हाक दिली, "कोनाची व तू?"

"राघोची नात."

त्यांचा हात देठावरच थांबला. "लय सालानं आली, माय. तो पडला नाही. राती शिवेवर मारला, मंग इथं आनून टाकला. सकाळी शीव चालून दाखवनार व्हता. माह्या सासूनं पाह्यलं. पन मारनाऱ्याच्याच वावरात तीबी राबे अन् तुही आजीबी. बोलनार कोन?"

"शिवेवर तिथं आता काई हाय का?"

"दगडाचा ढीग हाय ना. तुही आजीच रचे, येता-जाता एक एक. तुह्या बापानं देव सोडले, अन् त्यातच बुढाही सोडला."

सहा-सात वर्षांची असताना मी तो ढीग पाहिला होता. आजीने दगड ठेवला, मीही एक उचलला, तेव्हा बाबांनी माझा हात धरून मला वळवले. "आपण आता दगडापुढं वाकत नाही," ते म्हणाले. बाबांनी धम्म घेतला होता आणि त्यांचे म्हणणे खरेच होते. पण तो देव नव्हता, त्यांचा बाप होता. त्यानंतर आजी एकटीच त्या वाटेने जायची.

शिवेवर हिवराच्या एका झाडाखाली ढीग आहे. अर्धा मातीत गेलेला, वर वाळलेले गवत. उतरत्या उन्हात तो पाठीवर हात घेऊन वाकलेल्या माणसासारखा दिसत होता. मी दगड उचलला. या वेळी हात धरणारे कुणी नव्हते.

"आत्या, फॉर्मात तर नुसतं नावच लागते," प्रज्ञा हळूच म्हणाली.

"फॉर्मात नाव लिही. घरच्या वहीत मी लिहीन."

आणि मी लिहिले : राघो. शीव खरी सांगणार होता, म्हणून शिवेवर मारला गेला. आता सगळ्यांना वाचून दाखवायचे आहे. आवाज कापेल, तर कापत वाचीन.

आजीने ठेवलेला पहिला दगड कोणता, हे आता कुणालाच कळणार नाही. काळ खालचे दगड मातीत ओढत राहतो, म्हणून जिवंत माणसाने वर एक ठेवत राहायचा.