खालच्या टोकाची आगगाडी

मोजा बाबांचा होता आणि एकच होता. बाबा जहाजावर कामाला गेले तेव्हा तो पलंगाखाली राहून गेला. पहिलीतल्या त्या मुलीने तो दप्तराच्या तळाशी जपून ठेवला होता. मधल्या सुट्टीत आत हात घालून नुसता चाचपला, तरी तिला बरं वाटायचं.

सोमवारी शेजारी बसणाऱ्या मुलाने तो हुडकून काढला. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून त्याला जिराफ म्हणत. त्याने मोजा हातात चढवला, बोटांनी त्याचं तोंड उघडमीट केलं आणि किनऱ्या आवाजात म्हणाला, "मी बाबा. माझ्या बाळीला टाकून पळालो." वर्ग खो खो हसला. त्या घटकेपासून ती मोजेवाली झाली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तिने मनाशी पक्कं केलं. वर्ग मला हसला, तसाच याला हसला पाहिजे.

दाराजवळच्या भिंतीवर बाईंनी पाच चेहरे रंगवले होते: हसरा, शांत, भेदरलेला, रडका आणि रागावलेला. प्रत्येकाखाली पुठ्ठ्याची एक लांब पट्टी लोंबत होती. मुलांनी सकाळी आल्या आल्या आपला लाकडी चिमटा, मनात जे असेल त्या चेहऱ्याखाली लावायचा. मोजेवालीच्या चिमट्यावर छत्रीचं चित्र होतं आणि तो रोज हसऱ्याखाली असायचा. आपल्याला दुखतंय हे गावभर करायला ती काही खुळी नव्हती. जिराफाच्या चिमट्यावर आगगाडी होती.

मंगळवारी तिने सगळ्यांची नजर चुकवून आगगाडी रडक्याखाली लावली. दोघेतिघे फिदीफिदी हसलेही. पण झालं भलतंच. जिराफ 'मी नाही लावला' म्हणत असतानाच बाईंनी त्याला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं, हळूच चौकशी केली आणि कुंड्यांना पाणी घालायची झारी त्याच्या हातात दिली. झारी! जिच्यासाठी अख्खा वर्ग झुरायचा ती! बुधवारी तिने पुन्हा तेच केलं, तर स्वारीला घंटा वाजवायला मिळाली. मोजेवाली दातओठ खात बसली.

गुरुवारीही आगगाडी रडक्याखाली होती. या वेळी मात्र बाईंनी स्टुलावर तिलाच बोलावलं.

"आगगाडी तीन दिवस पट्टीच्या पार खालच्या टोकाला आहे," त्या म्हणाल्या. "जिराफ एवढा वाकत नाही गं. आणि छत्री रोज हसऱ्याखाली, पण छत्रीवालीचे दात काही मला दिसले नाहीत."

मग मोजा, बाबा, जहाज सगळं बाहेर आलं. सूड वाईट असतो, असं काही बाई म्हणाल्या नाहीत.

"घे सूड," त्या म्हणाल्या. "पण चोरून नको आणि माझ्या चिमट्यांनी नको. तोंडावर घे."

त्यांनी जिराफाला समोर बसवलं. तिचं बोलून होईपर्यंत उठायचं नाही आणि मध्ये बोलायचं नाही, एवढंच सांगितलं.

मोजेवालीने दप्तरातून मोजा काढला आणि आपल्या हातात चढवला. जिराफाला हसू फुटलं.

"तू चोर आहेस," मोजा म्हणाला. "बाबा पळाले नाहीत. बाबा जहाजावर आहेत. तुझ्यामुळे मी उशीत तोंड खुपसून रडले. तुझे सगळे दात एकदम पडू देत. मला तुझ्याशेजारी बसायचं नाही."

जिराफाचं हसू केव्हाच मावळलं होतं. कान लाल झाले होते. तो जमिनीकडे बघत पुटपुटला, "चुकलं माझं."

"आज नाही," मोजेवाली म्हणाली.

आता बाई हात मिळवायला लावणार, असं दोघांनाही वाटलं. पण त्या जिराफाला एवढंच म्हणाल्या, "आज नाही म्हणते ती. तेही ऐकून घ्यायचं असतं, बाळा."

शुक्रवारी तिने छत्री रागावलेल्याखाली लावली. चिमटा असा खटकन लावला, की मागची पोरं दचकली. मग तिने मान वर केली. भेदरलेल्याखाली, पट्टीच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे तिचा हात पोचलाच नसता, तिथे आगगाडी होती.

ती बराच वेळ बघत राहिली. चार दिवसांत पहिल्यांदाच तिचे दात दिसले.