कपाटातली ओल

कपाटातल्या ओलाव्याचा काटा पुन्हा उतरला होता. निरुपमानं चष्मा पुसून पाहिलं. सत्तरवर असायचा, तो साठाच्याही खाली. तिनं वाटीतला स्पंज भिजवून परत आत ठेवला आणि दाराच्या कडेची पट्टी दाबून बघितली. पट्टी रावपुऱ्यातल्या सुतारानं नुकतीच नवी बसवून दिली होती.

“अहो, हे दार कुणीतरी सारखं उघडतंय.”

“बडोद्याचा उन्हाळा आहे, निरू,” उदयसिंहराव पेपरमधून वर न बघता म्हणाले.

सिगारचं ते कपाट तिच्या सासऱ्यांचं. उदयसिंहरावांना हृदयविकाराचा झटका आला, डॉक्टरांनी सिगार बंद केली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि किल्ली तिच्या हाती दिली. “मी नाही ओढणार. पण वाळू देऊ नकोस. आपल्या हेरंबच्या लग्नात पाहुण्यांना देऊ.”

तेव्हापासून कपाटातली ओल तिनं सांभाळली. जास्त झाली की बुरशी, कमी झाली की पान तडकणार. उन्हाळ्यात स्पंज भिजवायचा, पावसाळ्यात काढून ठेवायचा. तंबाखूचा वास तिला मुळीच आवडत नसे. पण काटा जागेवर दिसला की नवरा धडधाकट आहे, शब्दाला जागतो आहे, असं वाटून तिला बरं वाटायचं.

त्या दिवशी तिनं सिगारचा वरचा थर उचलला. खाली काहीच नव्हतं.

“किल्ली तर देवघरात असते,” ती गोंधळून म्हणाली.

“देवघर कोण पुसतं?” उदयसिंहराव एवढंच म्हणाले.

कमला तरसालीहून कामाला यायची, हेरंब रांगत होता तेव्हापासून.

“बाईसाहेब, मी कशाला घेऊ? आमच्यात विडीसुद्धा कुणी ओढत नाही.”

“मग पिशवी दाखव.”

पिशवीतून डबा निघाला, कोथिंबिरीची जुडी निघाली, नातीची फाटकी चप्पल निघाली. कमलानं एकदा उदयसिंहरावांकडे पाहिलं. त्यांनी पेपरचं पान उलटलं. तिनं सगळं पुन्हा पिशवीत भरलं आणि गेली ती गेलीच.

काटा मात्र उतरतच राहिला.

एका दुपारी निरुपमा मांडवीला जायला निघाली आणि विसरलेली पर्स घ्यायला अर्ध्या वाटेतून परतली. गच्चीवरून धुराचा वास येत होता. वर उदयसिंहराव आणि शेजारचे भास्करराव सिगार ओढत बसले होते. तिला बघताच भास्करराव “आवजो, वहिनी,” म्हणत जिना उतरले.

“तू चिडशील म्हणून नाही सांगितलं,” उदयसिंहराव म्हणाले. “दुपारची एखादी.”

“आणि कमला?”

“तिला काय, दुसरं काम मिळालं असेल.”

शपथ मोडल्याचं दुःख त्या वाक्यापुढे काहीच नव्हतं. यांनी समोर बसून, तिच्या हातून, कमलाची पिशवी उपसवली होती.

ती तशीच रिक्षानं तरसालीला गेली. कमलानं सतरंजी अंथरली.

“कमला, चुकलं माझं. ते साहेब होते.”

“ठाऊक होतं. किल्ली नेताना बघायची मी त्यांना.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस गं?”

“वाटलं, तेच बोलतील.”

निरुपमाला मान वर करवेना. “परत येशील?”

“साहेबांना येऊ द्या. चारचौघांत नको, मला एकटीला सांगितलं तरी पुरे. मग येते.”

घरी आल्यावर तिनं निरोप सांगितला. उदयसिंहराव हसले. “मी तरसालीला जाऊ? कामवालीची माफी मागायला? नवी बघ एखादी.”

नवी तिनं बघितली नाही. किल्ली त्यांच्यासमोर ठेवली आणि कपाटाकडे पुन्हा फिरकली नाही. उरलेल्या सिगार वाळून चुरा झाल्या.

केरफरशी आता तीच करते. गुडघे वाकत नाहीत, तरी करते. रोज सकाळी ओलं फडकं घेऊन सरकत सरकत ती त्यांच्यापाशी येते आणि थांबते.

“पाय वर घ्या.”

ते पेपर वाचत पाय वर घेतात. ती खालची फरशी पुसते, आणि पुढे सरकते.