आत किती माणसं?

बारा वर्षं अस्मिता पोलीस आणि अग्निशमन दलाच्या भरतीत माणसं जोखत आली होती. उंची, छाती, धावणं मोजायला दुसरे असायचे. घाबरल्यावर माणूस कसा वागतो, ते अस्मिता बघायची. त्यासाठीचे गुणतक्ते तिने स्वतः बांधलेले, आणि कोल्हापूरच्या आसपासच्या पालिका ते विश्वासाने मागून न्यायच्या.

आज अशाच एका लहान पालिकेची धूरखोलीची चाचणी होती. पत्र्याच्या खोलीत धूर सोडायचा, उमेदवाराने आत शिरून जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं वाळूचं पोतं बाहेर आणायचं, सहा मिनिटांत. परीक्षकांनी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. कुणाला इशारा मिळू नये म्हणून ही अटही तिनेच घातलेली.

अठरा जणांत अकरावा आला चंदगडचा ऋतुराज गावडे. वयात बसायची त्याची ही शेवटचीच भरती. दारात थबकून त्याने विचारलं, "आत किती माणसं हाईत?"

कुणी बोललं नाही. तो जरा वाट बघून आत शिरला. चार मिनिटांत पोतं खांद्यावर घेऊन आला, सावलीत अलगद निजवलं, लुगड्याचा पदर सारखा केला आणि पुन्हा आत गेला. नवव्या मिनिटाला खोकत, रिकाम्या हाताने बाहेर पडला.

"आणि कोण न्हाय," म्हणाला.

सहा मिनिटं उलटून गेलेली, म्हणून अस्मिताने वेळेच्या रकान्यात शून्य घातलं. अपात्र.

दुपारी सगळ्यांचं आटोपल्यावर दलाचे प्रमुख हंबीरराव डबा उघडून बसले. "तो चंदगडकर बघितलासा न्हवं? पोतं मिळालं तरी परत आत. काय इसरला हुता काय?"

ती हसली नाही. तो पदर सारखा करणारा हात तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"साहेब, खऱ्या आगीवर पोचल्यावर तुम्ही आधी काय करता?"

"इचारतो की. आत किती माणसं हाईत म्हणून. दारात शेजारीपाजारी असत्यातच."

"आणि कुणी सांगितलंच नाही तर?"

"मग सगळं घर हुडकायचं, दुसरं काय?" भाकरीचा तुकडा हंबीररावांच्या हातातच राहिला. "आयला."

सतरा जणांनी विचारलं नव्हतं, त्यांना पैकीच्या पैकी मिळाले होते. ज्याने विचारलं, त्याच्यासमोर तिने शेजाऱ्यांची तोंडं बांधून ठेवली होती. अस्मिताने आपला न उघडलेला डबा बाजूला सरकवला. हा तक्ता बारा वर्षं चालला. चूक कबूल केली तर उद्या तिला कोण बोलावणार? पाचला यादीवर सही व्हायची होती. अजून झालेली नव्हती.

"साहेब, चूक माझ्या तक्त्याची आहे. ही चाचणी रद्द करून सगळ्यांची परत घेऊ. तसं मी लिहून देते."

"स्वतःचाच कागद फाडणार म्हणा की." हंबीररावांनी डबा झाकला. "फाडा. या वेळी शेजारी मी बनतो. पण इचारल्याबिगर बोलणार न्हाय."

पोत्याची जागा बदलली, आणि उमेदवारांना कारण न सांगता पुन्हा एकेक करून आणलं. दारात माणूस उभा दिसल्यावर या वेळी पाच जणांनी विचारलं. ऋतुराज त्यांतला एक.

"आत किती माणसं हाईत?"

"एकच हाय बाबा, आमची म्हातारी. मागल्या खोलीत," हंबीरराव इतक्या कळवळून म्हणाले की अस्मिताला हसू लपवायला मान खाली घालावी लागली.

पाच मिनिटं दहा सेकंद. पोतं सावलीत, पदर जागेवर.

यादी लागली तेव्हा सात वाजत आले होते. सातवं नाव त्याचं होतं. तो नळावर तोंड धूत होता. तिला बघून सरळ उभा राहिला.

"म्याडम, सकाळी कोण बोललं न्हाय. मला वाटलं, माझंच कायतरी चुकलं."

"तुमचं नव्हतं चुकलं."

तो मान हलवून गेला. मागच्या याद्यांतून असे किती जण गळाले असतील, हा विचार तिच्या मनातून गेला नव्हता. त्या पालिकांनाही उद्या पत्रं लिहायची होती. पण श्वास दुपारपासून पहिल्यांदाच पोटापर्यंत उतरला. तिने घरी फोन लावला. लेकीने विचारलं, "आई, जेवलीस?"

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, डबा तसाच होता.