गोजराचा शेवटचा हेल

सांगतो ते तुम्हाला खरं वाटणार नाही. माझी नात नमिता, वाचा गेलेल्यांना बोलतं कसं करायचं ते शिकते. तिनं एकदा कॉलेजात माझ्या डोक्याला वायरी चिकटवल्या, कानात नुसते हुंकार सोडले, आणि आवाजाचे चढ-उतार टिपण्यात माझ्या मेंदूनं अख्खं कॉलेज मागं टाकलं. मशीन तापलं. सर चहा सोडून उठले.

नमिता म्हणते, ज्यांच्या बोलीत सूर बदलला की अर्थ बदलतो, त्यांचा मेंदू लहानपणापासून त्याला सरावतो. आमच्या सारसोळ्याच्या खाडीत तेच. होडी लांब गेली की किनाऱ्यावरच्या हाकेतले शब्द वाऱ्यावर जातात, पोचतो तो फक्त हेल. चढता असला तर परत या. उतरता असला तर थांबा, घाई नको. चाळीस वर्षं मी बायकोच्या, गोजराच्या, हेलावर होडी वळवली.

म्हणून अर्धांगाचा झटका येऊन तिची वाचा गेली तरी आमचं अडलं नाही. नुसतं "अं" उरलं होतं. चढतं "अं" म्हणजे चहा. उतरतं म्हणजे पंखा बंद करा. मधेच तुटलेलं म्हणजे, तुमी जरा गप बसा. हे जास्त यायचं.

काल तिचं तेरावं झालं. आज जेट्टीवर जाळं सांधत बसलो होतो. शेजारी वामन. त्यानं विचारलं, "देवजी, वयनी शेवटाला काय बोल्ली रं?"

सगळे हेच विचारतात. इतक्या वर्षांचा संसार, माणूस काही न बोलता जाईल कसं?

"बोल्ली ना," मी म्हटलं. "दवाखान्यात मी हात धरलेला. एकच हुंकार. लांब, सावकाश उतरत गेलेला. म्हंजे, मी पुढं जाते, तुमी घाई करू नका."

वामननं डोळे पुसले. मलाही तो हुंकार ऐकू आल्यासारखा वाटला. म्हणून पुढं रेटलं, "नर्स रडली. बाजूच्या खाटेवरची बाई पन."

नमिता जेवणाचा डबा घेऊन मागं उभी होती. कधी आली कळलं नाही. तिनं डबा खाली ठेवला आणि माझ्या हातातलं जाळं काढून घेतलं.

"आजा," ती म्हणाली, "आजीच्या गळ्यात श्वासाची नळी होती. नऊ दिवस तू तिच्या तोंडाला कान लावून बसलास. आवाज आलाच नाही."