शनिवारची कबुली

कॉलेजच्या मूल्यांकनाची समिती दारात आली आणि आमचे प्राचार्य फादर बस्त्याव मला म्हणाले, "संजीवनीताई, शांत राहा. प्रभू आहे."

प्रभू होताच. पण मूल्यांकनाचा अहवाल मी लिहिला होता, वर्षभर डोळे फोडून. प्रत्येक उणिवेवर नीट पांघरूण घातलं होतं. चांगली श्रेणी मिळाली की महाडच्या आमच्या मिशन कॉलेजला बीएस्सीचा वर्ग मिळणार होता. उमरठ गावच्या आमच्या विद्यार्थिनीला, तेजश्रीला, बारावीनंतर तेच शिकायचं होतं, आणि तिचा बाप भिकू तिला महाडच्या पुढे पाठवायला तयार नव्हता.

पोहे झाले, चहा झाला. मग समितीच्या अध्यक्षांनी सहज विचारलं, "काही उणिवा?"

मी डोळ्यांनी खुणावलं. पण फादर हात जोडून उभे राहिले. आमची स्टाफची बैठक दर शनिवारी अशीच सुरू होते: आधी फादर स्वतःची चूक सांगतात, मग ओळीने आम्ही.

"ग्रंथालय गळतं. दुरुस्ती राहिली, चूक माझी," म्हणून फादर बसले.

आता तिथेच थांबावं की नाही? सवयीने शेजारचे नागसेन सर उठले. "नवी पुस्तकं अजून खोक्यांतच आहेत. चूक माझी." मग दीपक सर. "निम्मे कॉम्प्युटर नुसते शोभेला आहेत, सर." एकेक जण उठत होता आणि मी मनातल्या मनात कपाळ बडवत होते. अक्कल गहाण ठेवली होती का यांनी?

शेवटी माझी पाळी. सगळे प्रेमाने बघत होते.

"माझी चूक एवढीच," मी म्हटलं, "यांना गप्प बसायला शिकवता आलं नाही."

अध्यक्ष खळखळून हसले. मला वाटलं, वाचलो.

कसलं काय! निकालात नेतृत्वाला भरभरून गुण, बाकी सगळीकडे आनंदच. बीएस्सी नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी भिकू लेकीला घेऊन ऑफिसात आला. "वर्ग नाय मिलला तो कुनामुलं?"

फादर हात जोडून उठले. "चूक माझी, भिकूभाऊ."

भिकू म्हणाला, "तुमी बोलून मोकले झालात, फादर. माज्या पोरीचा काय?"

फादरांनी जोडलेले हात खाली घेतले. तेजश्री माझ्याकडे बघत होती, आणि मला फादरांच्या त्या कबुलीचाच संताप आला होता.